नावातले पहिले अक्षर

ग्रामसेवकाची वाट पाहत ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसले की गावाचा बराच अभ्यास होतो. परवा दुपारी कापूस वेचणीमुळे गाव रिकामे होते, ग्रामसेवक तालुक्याला गेलेले होते आणि मी शेजारच्या अंगणवाडीच्या दारावर चिकटवलेली बालकांची यादी वाचत होतो. रियांश, कियान, मायरा, रुद्रांश, अन्विका, कियारा, देवांश, पुन्हा एक रुद्रांश. आडनावे तेवढी ओळखीची होती, वानखडे, इंगोले, मेश्राम, राऊत. ती नसती तर ही यादी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्याची आहे हे कोणाला पटवून देता आले नसते.

या मुलांच्या पणजोबांची नावे उकंडराव, झिंगराजी, सोमाजी, बुधाजी अशी होती. सोमवारी जन्मला तो सोमाजी आणि बुधवारी जन्मला तो बुधाजी, इतका सोपा हिशेब. ज्या घरात आधीची मुले दगावलेली असत तिथे नवे पोर उकिरड्यावर ठेवून उचलून आणत आणि त्याला उकंडराव म्हणत, म्हणजे यमालाही त्याची किळस यावी. मुलींच्या बाबतीत यमाला फसवण्याची निकड लोकांना फारशी वाटलेली दिसत नाही. नको असताना झाली ती नकोशी, आणि ही गोष्ट फार जुनीही नाही. 2011 साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींची ‘नकुसा’ ही नावे समारंभ करून बदलावी लागली.

नावे घडवण्याची खोड तशी आमच्या भागाला पूर्वीपासून आहे. शेगावचे महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी गावात दिसले तेव्हा त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तोंडी सतत ‘गण गण गणात बोते’ असे, म्हणून लोकांनी त्यांना गजानन म्हटले, आणि पुढे वऱ्हाडात गजाननाशिवाय हजेरीपट राहिला नाही. शेंडगावचे डेबूजी जानोरकर हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा झाले. नावांची सर्वांत मोठी लाट मात्र 14 ऑक्टोबर 1956 नंतर आली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून परतलेल्या माणसांनी मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा अशी ठेवली, आणि बापाचे नाव कचरू व मुलाचे नाव सिद्धार्थ असलेले शाळेचे दाखले गावोगाव निघू लागले. त्या नावांना कोणी हसले असेल तर त्याला त्या दाखल्यावरचे मधले नाव वाचता आले नाही, एवढेच म्हणावे लागेल.

आमच्या आजोबांचे नाव महादेव होते. आजीने ते आयुष्यात कधी उच्चारले नाही. महाशिवरात्रीला गावातली माणसे त्रिशूळ घेऊन पचमढीला निघत, तेव्हाही ती त्यांना ‘डोंगरावरच्या देवाले माहा नमस्कार सांगजा’ असे म्हणे. आजोबा गेले आणि त्यानंतर झालेल्या माझ्या चुलतभावाचे नाव रीतीप्रमाणे महादेव ठेवले गेले. आजी त्याला बाबू म्हणायची. एकदा तो मधल्या सुट्टीत शाळेतून पसार झाला म्हणून शिपाई घरी आला. ओट्यावर आजी सुपात तूर निवडत बसली होती. ‘महादेव आहे का घरी?’ असे त्याने विचारताच तिने सूप बाजूला ठेवले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सावकाश म्हणाली, ‘त्याईले जाऊन लय वर्सं झाले बापा.’ शिपाई बिचारा हादरला. ‘आत्ता तं वर्गात होता!’ असे तो म्हणाला, आणि मग हादरण्याची पाळी आजीची आली. माठामागे लपलेला बाबू हसू आवरता न आल्यामुळे सापडला.

तेव्हा उच्चारता येत नाही असे नाव घरात असणे आमच्या घरांना अपरिचित नाही. आजच्या आज्यांची अडचण निराळी आहे. त्यांची जीभ वळत नाही. ‘मले तं म्हनताच येत नाही वो माय’ अशी कुरकुर करत त्या रुद्रांशचा रुद्या करतात आणि कामाला लागतात. माझी स्वतःची एक कसोटी आहे, घरातल्या कोणालाही ती मान्य नाही. नाव ठेवण्याआधी शेताच्या धुऱ्यावर उभे राहून ते एकदा मोठ्याने हाकारून पाहावे. ‘गजानन’मधला ‘जा’ दोन वावरे सहज ओलांडतो. ‘कियान’ हे नाव पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीतच संपते. यावर पुतण्या म्हणतो की आता वावरात फोन लागतो.

नाव तयार होण्याची रीत आता अशी आहे की आईबापांची अक्षरे घ्यावीत, ती जमतील तशी जुळवावीत आणि अडले तर शेवटी ‘अंश’ लावावा. गावात दुसऱ्या कोणाचे नसावे एवढी एकच अट असते, आणि सगळे एकाच मोबाइलच्या यादीतून वेगळेपण शोधतात म्हणून दोन रुद्रांश होतात. पंचांगाचे अक्षर हाही एक अडसर असतो. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून 108 अक्षरे दिलेली आहेत, त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण. ण वरून मुलीचे नाव सुचवा, अशी मागणी माझ्याकडे एकदा आली होती. मी विषय बदलला.

अर्थ नंतर शोधला जातो. आमच्याच घरातल्या रियांशचा अर्थ मोबाइलने ‘प्रकाशाचा किरण’ असा दिला आणि तो संस्कृत म्हणून दिला. त्यातला किरण इंग्रजी ‘रे’मधून शिरला असावा, अशी मला दाट शंका आहे. कियाराची तर दोन मुळे सांगतात, इटालियन नावाचा अर्थ उजळ आणि आयरिश नावाचा अर्थ काळी, तेव्हा मुलीचा रंग कसाही असला तरी सोय झालेली आहे. मायरा हे नाव सुमारे चारशे वर्षांपूर्वी फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवले असे मानतात. जोनाथन स्विफ्टने आपल्या एस्थर व्हॅनहोमरी नावाच्या मैत्रिणीच्या आडनावातला ‘व्हॅन’ घेतला, एस्थरचा ‘एसा’ केला आणि व्हॅनेसा असे नाव जुळवले; ते असलेली कविता 1726 साली छापली गेली आणि पुढे जगभर खऱ्याखुऱ्या व्हॅनेसा जन्मल्या. त्यांना कोणी अर्थ विचारत असेल असे वाटत नाही.

रियांशच्या बारशाला आत्याने मोबाइलमध्ये पाहून त्याच्या कानात नाव सांगितले, तेव्हा मी त्याच्या आईला सहज विचारले की हे नाव आले कुठून. ती घुगऱ्या वाटत होती. ‘काकाजी, अर्थ तं मागाहून सापडला,’ ती म्हणाली. ‘रि माझी आहे.’

तिचे माहेरचे नाव रि वरून होते. लग्नात आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे तिला त्याच नावाने हाक मारतो, मीही मारतो. तिच्या नवऱ्याला ही ‘रि’ ठाऊक आहे की नाही ते मी विचारले नाही.

1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे, असा नियम राज्य सरकारने केला आहे. रियांश त्या तारखेनंतरचा. त्याच्याच जन्माच्या दाखल्यासाठी मी ग्रामसेवकाची वाट पाहत होतो. संध्याकाळी दाखला हाती आला, तेव्हा त्यावर आईचे नाव नियमाप्रमाणे दुसऱ्या जागी होते. ते सासरचे आहे, कारण तिच्या आधार कार्डावर तेच आहे.