ड्राफ्टमधून नाव मागे घेताना : माझा अनुभव

कॉलेजच्या एका ऑफिसातून एका ओळीचं उत्तर यायला जो वेळ लागला, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलगा इथेच जन्मला, कॉलेजकडून बास्केटबॉल खेळतो. दुसऱ्या वर्षाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये, त्याने एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टसाठी नाव दिलं. ड्राफ्ट म्हणजे संघ दोन फेऱ्यांत आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. पुण्याहून बाबांचा लगेच फोन, "अगं, डिग्री अर्धवट टाकणार का तो?" त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. शाळा संपून एक वर्ष झालेलं असेल आणि ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण होत असतील, तर अमेरिकेतल्या मुलाला नाव देता येतं. हा नियम २००६ च्या ड्राफ्टपासूनचा. नाव दिलं म्हणून कॉलेज सुटत नाही. मुदतीत मागे घेतलं की परत कॉलेजकडून खेळता येतं. २०१८ पासून तर एजंटही नेमता येतो. मात्र आधी एनबीएच्या समितीकडे आपलं मूल्यमापन मागायचं, एजंट एनसीएएच्या (कॉलेजमधले खेळ चालवणारी संस्था) मान्यतेचा हवा, करार लेखी हवा, आणि परत यायचं असेल तर तो करार संपवावा लागतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

नाव देणं, एजंट, दोन-तीन संघांपुढचे वर्कआउट, सगळं सुरळीत झालं. समितीचं उत्तर आलं : निवड झालीच तर दुसऱ्या फेरीत, नाहीतर नाही. पहिल्या फेरीतल्या मुलाला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. आमच्या ओळखीतले लोक भारतातून आलेल्या सतनाम सिंगचं नाव घेतात. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ वा निवडला खरा, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मला जास्त जवळचा वाटतो तो भारतीय वंशाचा सिम भुल्लर. न्यू मेक्सिको स्टेट या कॉलेजमधून दुसऱ्या वर्षानंतर, २०१४ मध्ये, तो बाहेर पडला आणि ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो एनबीएच्या सॅक्रामेंटो संघाकडून मैदानात उतरला, पण तोवर कॉलेजचं दार बंद झालेलं होतं. आता तर कॉलेजमध्येही पैसे मिळतात. जुलै २०२१ पासून जाहिरातींचे, आणि जुलै २०२५ पासून थेट कॉलेजकडून, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. २०२१ मध्ये ३५३ खेळाडूंनी असं लवकर नाव दिलं होतं, २०२५ मध्ये फक्त १०६ जणांनी. मुलगा म्हणाला, "आई, मी अजून एक वर्ष खेळतो." मला फार बरं वाटलं.

खरी अडचण इथून पुढे. शिकागोतला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीचं एनबीएचं चाचणी शिबिर, १८ मे रोजी संपला. कॉलेजकडून परत खेळायचं तर एनसीएएच्या नियमाने त्यानंतर दहा दिवसांत, म्हणजे २८ मेच्या रात्री ११:५९ पर्यंत नाव मागे घ्यायचं. ही वेळ न्यूयॉर्कची, आमच्याकडे तेव्हा १०:५९ वाजलेले असतात. मध्ये शनिवार, रविवार आणि सोमवारी २६ ला मेमोरियल डेची सुट्टी. मुलाने गुरुवारीच एनबीएला पत्र पाठवलं, एजंटनेही सज्जनपणे करार संपवल्याचं लिहून दिलं. राहिलं होतं कॉलेजचं कम्प्लायन्स ऑफिस, म्हणजे खेळाडू नियम पाळतात का ते बघणारं. त्यांनी फक्त "कागद मिळाले, सगळं ठीक आहे" एवढं कळवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं : पत्रावर एजंटची सही हवी. सही करून पाठवलं. दुपारी दुसरी मागणी : वर्कआउटला जाताना विमानाचं तिकीट कुणी काढलं, हॉटेलचं बिल कुणी दिलं, सगळा तपशील द्या. तोही दिला. संध्याकाळी आपोआप येणारा मेल : ऑफिस मंगळवारी उघडेल. अहो, ही यादी एप्रिलमध्येच हातात दिली असती तर काय बिघडलं असतं? दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलाला हेच कागद लागतात.

मंगळवारी कळलं की हे काम बघणाऱ्या बाई रजेवर आहेत. मी फोन केला, तर "तुमचा मुलगा सज्ञान आहे, आम्ही त्याच्याशीच बोलू." कायदा तसा आहे, मान्य. मग मुलाला शेजारी बसवलं, फोन स्पीकरवर ठेवला, तो बोलत होता आणि मी कोण काय म्हणालं, किती वाजता म्हणालं ते लिहून घेत होते. सहायक कोच सारखे म्हणत, "होईल, काळजी करू नका." वीस वर्षांच्या मुलाचं पुढचं वर्ष टांगलेलं असताना काळजी करू नका कसं म्हणतात माणसं? शेवटी मी मुलाला सांगितलं, आधीचे सगळे मेल एकत्र कर, वर मुदतीची तारीख आणि वेळ लिही आणि थेट क्रीडा संचालकांना पाठव. बुधवारी दुपारी उत्तर आलं. एक ओळ. मी ती छापून घेतली.

ही युक्ती कामाला आली याचा मला अभिमान आहे, म्हणून तुम्हालाही सांगते : ऑफिस गप्प बसलं तर एक पायरी वर जा, आणि लेखीच जा.

आणखी एक. एनबीएची स्वतःची नाव मागे घेण्याची मुदत वेगळी, ड्राफ्टच्या दहा दिवस आधीची. २०२५ मध्ये ती १५ जून होती. शोधलं तर तीच तारीख आधी दिसते. तिच्या भरवशावर राहिलात तर ड्राफ्टमधून नाव निघेल, पण कॉलेजचा खेळ गेलेला असेल.

हो, आणि कॉलेज बदलायचा विचार असेल तर त्यासाठी नाव नोंदवायचं ट्रान्सफर पोर्टल त्याआधीच बंद होतं. २०२५ मध्ये पोर्टलची शेवटची तारीख २२ एप्रिल होती आणि ड्राफ्टला नाव देण्याची २६ एप्रिल. समितीच्या उत्तराची वाट बघत बसलात तर पोर्टल हातचं जातं. तिकिटं, बिलं, कराराची प्रत पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा, आणि त्या फाइलची एक प्रत मुलाच्या हॉस्टेलवर नाही, तुमच्या घरी असू द्या. मुलगा विद्यार्थी व्हिसावर असेल तर एजंटशी बोलण्याआधी व्हिसाच्या वकिलाशी बोला.