बाबांचे गुडघे आणि पाच मीटरची पाटी

बाबांचे दोन्ही गुडघे बदलल्यापासून त्यांना आमच्या छोट्या गाडीत बसवणं म्हणजे जिन्यातून कपाट उतरवणं झालं होतं. एसयूव्हीत चढायला पाय उचलवेना. शेवटी ठरलं, मोठी सेडान घ्यायची. वापरलेलीच, नवीनचं बजेट नव्हतं.

पहिली पाहिली ती मर्सिडीजची लाँग व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त असलेली) ई-क्लास. तिची मागची सीट बटणावर मागे कलते. बाबा टेकले आणि त्यांनी डोळेच मिटले. मी मात्र सोसायटीच्या स्टॅक पार्किंगची (एकावर एक गाड्या ठेवायची यांत्रिक सोय) पाटी आठवत होतो: लांबी ५००० मिमी. गाडी ५०६३. सहा सेंटिमीटरवर सौदा फिसकटला! ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी शोरूमला जाण्याआधी ही पाटी वाचावी.

मग २०१८ची स्कोडा सुपर्ब मिळाली. लांबी ४८६१, स्टॅकवर आरामात. व्हीलबेस २८४१. ‘गुडघ्यांना भरपूर जागा’ असं सगळेच सांगतात. बाबांची परीक्षा वेगळी होती. पुढची सीट माझ्या उंचीला लावली, मागचं दार पूर्ण उघडलं. ते पाठमोरे बसले आणि मग एकेक पाय आत घेतला. वीस मिनिटं बसून राहिले. मांड्यांखाली आधार होता, गुडघे वर येत नव्हते. खरी गंमत उतरताना. सीट खोल, त्यामुळे पुढच्या सीटला धरूनही दोनदा उठायचा प्रयत्न फसला.

“अरे, बसायला राजा, उठायला कैदी,” बाबा म्हणाले.

मागच्या मधल्या जागेवर आईने बसून पाहिलं. पायाखालचा बोगदा एवढा उंच की तिथं लांबचा प्रवास नको. म्हणजे गाडी पाचाची असली, तरी ऐसपैस चौघांनाच.

माजिवडा ते कापूरबावडी गर्दीत चालवून पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका बसतो का ते तपासलं. एवढ्यासाठी ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा निघाला, विक्रेता त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत पैसे दिले नाहीत. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यामानाने किरकोळ.

ही गाडी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, हे कळल्यावर बाबांचा निम्मा विरोध मावळला. आमचे मूळ गाव तिकडेच.

पहिल्याच दिवशी सोसायटीच्या रॅम्पवर पोट घासलं. आता तिरकी घेतो. ६२५ लिटरच्या डिकीत व्हीलचेअर, वॉकर आणि आईचा डबा मावतो. आणि त्या लेदर सीटवर आईने जुन्या गोधडीची चौघडी शिवून ठेवली आहे. तेवढ्या उंचीने बाबा कुणाचा हात न धरता उठतात.