पंधराशे पिक्सेल

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा महिना-दीड महिना मला मान वर करायला फुरसत नसते. गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, तिथे मी गाण्यांची कव्हरं आणि पोस्टरं करते. कुणाच्या घुमट आरत्या, कुणाच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, कुणा मुलीची पहिलीच नाट्यगीतं. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या आत सगळ्यांना ती लोकांच्या फोनवर वाजायला हवी असतात, आणि कव्हर आज सांगून उद्या हवं असतं. डिसेंबरात किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांची पोस्टरं असतात, वर्षभर अधूनमधून तियात्रांची, म्हणजे कोंकणी नाटकांची. आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकून बाहेर पडले, तेव्हापासून हेच करते आहे आणि मनापासून करते.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एक गृहस्थ आले. बँकेत नोकरीला. प्लास्टिकच्या पिशवीत साठ मिनिटांची एक कॅसेट आणि एक फोटो. वडील भजनीबुवा होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकात एका देवळातल्या सप्ताहात त्यांनी केलेलं भजन कुणीतरी कॅसेटवर घेतलं होतं. आपल्या पावसात कॅसेटींचं काय होतं ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. मडगावच्या एका ध्वनिमुद्रणवाल्या मित्राने तीन आठवडे खपून ती साफ केली आणि आवाज संगणकावर उतरवला. मधूनमधून खरखर राहिली, पण बुवांचा आवाज स्वच्छ होता. मला कव्हर करायचं होतं. बुवांचा गातानाचा तेवढा एकच फोटो घरात उरला होता.

सहा बाय चार इंचांचा, आडवा. देवळाचा सभामंडप, मागे लाकडी खांब. मध्ये बुवा, एक हात वर, डोळे मिटलेले. त्यांच्या एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे झांजा घेतलेली माणसं.

मी तो साडेसातशे डीपीआयवर, म्हणजे इंचाला साडेसातशे ठिपके धरून, स्कॅन केला. म्हणजे रुंदी ४५०० पिक्सेल, उंची ३०००. गाणी फोनवर जातात तेव्हा कव्हर चौकोनी लागतं, ३००० बाय ३०००. आणि शेवटी ते लोकांच्या हातात दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढं. एवढ्याशा जागेत एक चेहरा ओळखू आला तरी पुष्कळ, हे आम्ही पहिल्या वर्षापासून घोकलेलं. मी डावीकडचे ७५० पिक्सेल कापले, उजवीकडचे ७५० कापले. बुवा बरोबर मध्यभागी आले. मागचा खांब थोडा गडद केला, वर नाव घातलं आणि पाठवून दिलं. रात्री त्यांच्या मुलाचा निरोप आला, ‘बाबा समोर बसल्यासारखे वाटले.’ मला फार बरं वाटलं.

एक अडचण राहिली होती. कॅसेटवरची शाई ओलीने पुसून गेली होती, त्यामुळे कोणता अभंग कुणाचा, चाल कुणाची, काही कळत नव्हतं. बुवांच्या मुलाने सांगितलं, त्या दिवशी पखवाजावर जे होते ते अजून आहेत, त्यांना घेऊन येतो.

ते आले तेव्हा पाऊस मी म्हणत होता. वीज दोनदा जाऊन आली होती. काका ऐंशीच्या आसपासचे, अंगाने बारीक, जिने चढून आले तरी श्वास लागलेला नाही. छत्री दाराबाहेर उभी करून ठेवली, पाय पुसले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “लाव बाय.”

मी गजर लावला. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. रूपाचा अभंग झाला, त्यांनी संताचं नाव सांगितलं, चाल बुवांची स्वतःची हेही सांगितलं. मी लिहून घेत गेले. तिसऱ्या अभंगात त्यांनी एकदम हात वर केला. मला वाटलं नाव सांगतायत.

“हांगा कणीक सुकली,” ते म्हणाले. “ऐक.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, खर्ज तिच्यातून येतो. सभामंडपात पंखे जोरात होते, गर्दी होती, तोवर कणीक कोरडी पडली आणि डावीचा आवाज चढायला लागला. मला आधी काहीच कळलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, तेव्हा कळलं. ‘धा’ पहिल्यासारखा भरीव येत नव्हता. “मग मी गवळणीच्या आधी पाण्याचा हात लावला. बुवांनी माझ्याकडे बघून आलाप लांबवला, मला वेळ मिळावा म्हणून.” आणि खरोखरच गवळणीच्या आधी एक आलाप आहे, लांबच लांब. मी तो दहा-बारा वेळा तरी ऐकला होता. बुवा रंगात आले असावेत, एवढंच मला वाटलं होतं.

भैरवी झाली. यादी पुरी झाली. मी सहज म्हणून कव्हर मोठं करून त्यांच्यासमोर ठेवलं. बुवांच्या मुलानेही खुर्ची पुढे ओढली.

काका पडद्याकडे बघत राहिले. मग वाकले आणि डाव्या कडेला बोट टेकवलं.

“हो म्हजो हात,” ते म्हणाले.

मी पाहिलं. चौकोनाच्या डाव्या कडेला पखवाजाचं डावं तोंड तेवढं उरलं होतं, त्यावर कणकेचा पांढरा गोळा आणि त्यावर मनगटापासून पुढचा एक हात. माणूस नव्हता. स्कॅन साफ करताना त्या हातावरचे बुरशीचे ठिपके मी स्वतः काढले होते, बोटाबोटावरून. तरी तो कुणाचा तरी हात आहे हे माझ्या मनात आलं नव्हतं.

ते रागावले नाहीत. उजव्या कडेकडे त्यांनी बोट नेलं. तिथे पेटीच्या भात्याची एक पट्टी दिसत होती, बाकी काही नाही. पेटीवर होते त्यांचं नाव त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, “तो गेला गं. त्याचा दुसरा फोटो मी कुठं पाहिला नाही.”

खोलीत पावसाचाच आवाज होता.

हे लिहिताना मला तियात्रांची पोस्टरं आठवतात. तिथे प्रत्येक कलाकाराचा चेहरा लागतो. गाणारे, वाजवणारे, विनोदी कामं करणारे, सगळे, छोटे छोटे कापून एकाला एक चिकटवलेले. कॉलेजात असताना आम्ही त्या गर्दीला नाकं मुरडायचो, जागा सोडा म्हणून शिकवलं होतं ना आम्हाला. त्या गर्दीत कुणी सुटलेलं नसतं, हे मला त्या दुपारी समजलं. आमच्या रागदारी संगीताच्या बाजूला हे फार उशिरा आलं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या गोल लेबलावर गाणाऱ्याचं नाव असे, रागाचं असे, साथीदारांचं सहसा नसे. पुढे एलपी तबकडीच्या वेष्टनाला पाठ मिळाली, कॅसेटला घडीचं इनले कार्ड मिळालं आणि त्यात बारीक अक्षरांत का होईना, ‘साथसंगत’ असा एक कोपरा आला. तो कोपरा रचायचं काम आमचं. आता फोनवरच्या कव्हरला पाठच नाही. मला वाटतं, आमच्या कामातलं सगळ्यांत मोठं नुकसान हेच आहे, आणि ते गोव्यात जास्त लागतं. तबलावादक लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर याच मातीतले. लय हाच ज्यांचा देव, अशी माणसं इथे गावोगाव होऊन गेली.

काका गेल्यावर मी नव्याने बसले. फोटो एक पिक्सेलही न कापता ठेवायचा ठरवला. रुंदी ३००० केली की उंची २००० होते. उरलेली हजाराची पट्टी खाली, त्यात बुवांचं नाव मोठं आणि त्याखाली पखवाज, पेटी यांची नावं. बुवांच्या मुलाला ते पटेना. “ताई, बाबांचा चेहरा केवढासा झाला!” त्यांचं चुकत नव्हतं, वडिलांसाठी पैसे मोजत होते ते. मी वाद घातला नाही. गवळणीआधीचा तो आलाप तेवढा कापून त्यांना पाठवला आणि विचारलं, हा कुणासाठी लांबवला ते आठवतं ना? अर्ध्या तासाने फोन आला. “ठेवा सगळे.”

गाणी वर चढवणाऱ्या कंपनीने मात्र कव्हर परत पाठवलं. कव्हरवरची नावं अर्जात कलाकार म्हणून दिलेली नाहीत, असं कारण. नियम तसाच आहे, कव्हर आणि अर्ज जुळावे लागतात. मग प्रत्येक अभंगासमोर बसून वादकांची नावं भरली. वाद्यांच्या यादीत तबला होता, पखवाज नव्हता. त्यांना पत्र लिहिलं, चार दिवस थांबलो, शेवटी तालवाद्य या सदरात घालावं लागलं. ते मला अजून खटकतं.

पाठ नव्हती म्हणून आम्ही एक घडीचं कार्डही केलं, जुन्या इनलेसारखं. आत क्यूआर कोड, फोटो पूर्ण आणि साथसंगतीचा कोपरा. छापखान्याने पाठवलेल्या पहिल्या प्रूफात ‘हार्मोनियम’मधला रफार सुटून म च्या आधी हलन्त र होऊन पडला होता. त्यांच्या संगणकावर देवनागरीची जुळणी बंद होती. तेव्हापासून माझ्याकडून अक्षरं आउटलाइन केल्याशिवाय, म्हणजे त्यांचे आकार पक्के केल्याशिवाय, फाईल बाहेर जात नाही, दुसऱ्याच्या नावाच्या बाबतीत तर नाहीच.

दोनशे कार्डं चवथीला वाटली. काकांना मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, मग फोटोत मागच्या रांगेत खांबाआडून अर्धा दिसणाऱ्या झांजवाल्यावर बोट ठेवलं. “हा कोण?” ते स्वतःलाच विचारत होते. आठवेना. कार्डावर ‘झांज’ या शब्दापुढे मी दोनच नावं घातली होती, तिसऱ्यासाठी मोकळी रेघ सोडली होती.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तो झांजवाला बांदिवड्याचा असावा म्हणाले, घर तळ्याच्या बाजूला, नाव विचारून सांगतो. फाईल मी उघडी करून ठेवली आहे.