दुभाष्याला सुट्टी

कपात चमचा फिरतानाची किणकिण हा घरातला सगळ्यात निरुपद्रवी आवाज. विनोदी कार्यक्रमांतून भयपटांकडे आलेल्या दिग्दर्शक जॉर्डन पीलने 'गेट आउट'मध्ये (२०१७) नेमका तोच उचलला. गोऱ्या मुलीचा कृष्णवर्णीय मित्र ख्रिस तिच्या घरी खुर्चीत बसलाय, मुलीची आई समोर चहा ढवळतेय, विषय सिगारेट सोडण्याचा. तिथून गाडी कधी त्याच्या आईच्या मृत्यूवर जाते, कळतही नाही. चमचा कानाआड होतो. तो पुन्हा ऐकू येतो तेव्हा संमोहित ख्रिसला बोटही हलवता येत नसतं.

ही हातचलाखी विनोदवाल्याचीच. हशा कुठे पिकणार हे ज्याला कळतं, त्याला किंकाळी कुठे फुटणार हेही कळतं. बेसावध करायचं, थांबायचं, मग सोडायचं. सगळी गंमत त्या थांबण्यात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. पाच-सहा फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी दचकणं हुकतं. संगीताचा धाडकन ठोका चित्राच्या आधी पडला तर प्रेक्षक सावध होतो, नंतर पडला तर चक्क हसतो. भयपटात नको तिथे हसणारं थिएटर फार निर्दयी असतं.

पण पीलच्या बाबतीत 'टायमिंग' एवढ्यावर भागत नाही. २०१२ ते २०१५ या काळात कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी वाहिनीवर 'की अँड पील' हा छोट्या विनोदी प्रसंगांचा, म्हणजे स्केचेसचा, कार्यक्रम चालायचा. त्यात पील ओबामा व्हायचा, मोजूनमापून बोलणारा. आणि मागे कीगन-मायकेल की हा ल्यूथर, म्हणजे ओबामांच्या रागाचा दुभाषा. साहेब सभ्य वाक्य टाकणार, ल्यूथर त्याच्यातला संताप हातवारे करून ओरडून सांगणार. २०१५ साली खऱ्या ओबामांनी व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या जेवणात त्याला शेजारी उभं केलं.

'गेट आउट'मधल्या मुलीचे वडीलही ओबामांचे भक्त. शक्य असतं तर तिसऱ्यांदाही मत दिलं असतं म्हणतात. पाहुणे ख्रिसचे दंड चाचपतात, त्याच्या अंगकाठीचं कौतुक करतात. तो कसनुसं हसून मान हलवतो. स्केच असतं तर इथे ल्यूथर आला असता. इथे पीलने दुभाष्याला सुट्टी दिलीय. राग आत खोल बुडतो आणि माणूस स्वतःचेच डोळे लांबच्या टीव्हीसारखे बघत राहतो. भय ते हेच, गोऱ्यांचे मेंदू कृष्णवर्णीयांच्या शरीरात बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा भाग त्यामानाने रबरी वाटतो.

शेवटी रस्त्यावर प्रेतं, मध्ये ख्रिस, आणि लाल-निळे दिवे लावून गाडी येते. पुढे काय होणार हे पीलला सांगावंच लागत नाही. प्रेक्षक ते घरूनच घेऊन आलेला असतो. मग दार उघडतं, त्यावर 'एअरपोर्ट' लिहिलेलं, आणि उतरतो तो विमानतळाच्या सुरक्षेत काम करणारा त्याचा बडबड्या मित्र रॉड. आधी चित्रित केलेल्या शेवटात मात्र खरे पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो. ४५ लाख डॉलरांच्या या सिनेमाने २५ कोटींच्या वर कमावले, गोल्डन ग्लोब्जने त्याला विनोदी-संगीतमय गटात बसवलं, आणि २०१८मध्ये मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा पील पहिला कृष्णवर्णीय ठरला.

'अस'मध्ये (२०१९) मात्र तो घसरला, असं माझं मत. लाल कपडे, हातात कात्र्या, दारात आपल्यासारखंच दिसणारं कुटुंब: अंगावर काटा येतो. आणि मग शेवटाकडे भुयारातल्या वर्गात सगळा खुलासा ऐकवला जातो. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे ज्याला पाठ असायला हवं त्यानेच असं करावं! खुलासा आला की भुयारात राहणारी ती हुबेहूब माणसं काय खात असतील, कपडे कुठून आले असतील, असले हिशोब डोक्यात सुरू होतात.

'नोप'मध्ये (२०२२) हे त्याला उमगलेलं दिसतं. विनोदी मालिकेचा सेट, फुगे फुटतात, चिंपांझी बिथरतो, सगळीकडे रक्त, आणि मध्ये एका मुलीचा बूट सरळ उभा. कसा उभा राहिला? सिनेमा सांगत नाही. लोक अजून वाद घालतात. घालू देत.