जतचं गॅदरिंग आणि घराघरातल्या बोली

सांगली जिल्ह्याच्या नकाशात पूर्वेला कर्नाटकाकडे सरकलेला जो भलामोठा भाग दिसतो, तो आमचा जत तालुका. क्षेत्रफळाने जिल्ह्यात सगळ्यात मोठा आणि पावसाच्या बाबतीत कायम तहानलेला. मिरजेहून येणारी एसटी नागज फाट्यावरून जतकडे वळली की उसाचे फड मागे पडतात, शाळूची रानं आणि उघडे माळ सुरू होतात आणि गाडीतल्या गप्पांमध्ये कन्नड ऐकू यायला लागतं. पश्चिमेला डफळापूर, शेगाव, कुंभारी ही मराठी बोलणारी गावं. पूर्वेला आणि दक्षिणेला संख, उमदी, बिळूर, उमराणी, तिकडच्या बहुतेक घरांत कन्नड. मधे आमचं जत. आठवडी बाजाराला दोन्हीकडची माणसं तिथे उतरायची.

आमचं अडत दुकान होतं. वडील घरात मराठी बोलत, पण सकाळी गादीवर बसले की समोर येणाऱ्या माणसाप्रमाणे त्यांची भाषा बदलायची. संखचा शेतकरी आला की "बर्री अण्णा, कुंदर्री." बागवान आला की दखनीत भावाची घासाघीस. तांड्यावरची बाई आली की दोघंही तुटक मराठीत बोलत आणि व्यवहार अगदी नीट पार पडे. मापाड्यापासून हमालापर्यंत सगळ्यांचं हेच. आपण फार काही करतोय असं कुणाच्या मनातही येत नसे.

शाळेत मात्र असं नव्हतं. शाळा मराठी माध्यमाची. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा पुष्कळ आहेत, पण जतमध्ये राहून पुढे शिकायचं म्हणून कितीतरी कन्नड घरातली मुलं आमच्याकडे यायची. ती पाचवीत आली की दिवाळीपर्यंत बहुतेक गप्प असत. उत्तर येत असलं तरी हात वर करत नसत. लमाण तांड्यांवरच्या मुलांचं तर त्याहून अवघड, कारण त्यांची गोरमाटी वर्गात दुसऱ्या कुणालाच कळायची नाही. बाई रागवायच्या नाहीत, पण फळ्यावरच्या भाषेत या मुलांचं घर कुठेच नव्हतं, हे खरं. म्हणूनच आमच्या गॅदरिंगची आठवण मला इतकी मोलाची वाटते. वर्षभर फाटकाबाहेर राहिलेल्या बोली त्या एका संध्याकाळी थेट स्टेजवर यायच्या.

याचं श्रेय आमच्या हेडसरांचं. त्यांचा एकच नियम होता. टेपवर गाणं लावून नाचायचं असेल तर एकच नाच, बाकीचे कार्यक्रम घरातून आणायचे. घरातल्या किंवा आळीतल्या कुणीतरी मोठ्या माणसाने ते शिकवायचे आणि त्या माणसाने तालमीला शाळेत यायचं. सर हे प्रार्थनेच्या वेळी सांगत. मग पुढचे तीन-चार आठवडे मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात पटके बांधलेले आजोबा आणि नऊवारीतल्या आज्या दिसू लागत.

त्यातले बिळूरकडचे एक आजोबा अजून डोळ्यांसमोर आहेत. नातवाच्या वर्गाला त्यांनी हंतीची पदं शिकवली. शाळूची कणसं खळ्यावर पसरून बैलांकडून मळणी करायची, तेव्हा रात्रभर म्हणायची ही कन्नड पदं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. तोपर्यंत मळणीयंत्रं गावोगाव पोचली होती आणि खळ्यांवर पदं म्हणायला कुणी उरत नव्हतं. आजोबांनी मुलांना आधी गोल फिरायला लावलं. पाय चालू असल्याशिवाय पद येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्गातल्या निम्म्या मराठी पोरांना शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, पण पावलाचा ठेका सगळ्यांनी पकडला. पाचवीपासून मागच्या बाकावर मुका बसलेला आजोबांचा नातू त्या दिवशी पुढे उभा राहून ओळ टाकत होता आणि बाकीचे बावीस-पंचवीस जण त्याच्या मागून म्हणत होते. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात बोलायला लागला. चुकतमाकत, पण मोठ्याने.

यल्लमाच्या वाटेवर गाणाऱ्या मंडळींकडून एका वर्षी चौंडकं हे त्यांचं तारेचं वाद्य आलं. जतच्या यल्लमादेवीची यात्रा मार्गशीर्षात भरते. खिलार बैल, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढरं, पाळणे, भांड्यांची दुकानं, सगळा माळ भरून जातो. तिथे ऐकू येणारं चौंडकं शाळेच्या स्टेजवर कसं चालेल, अशी थोडी कुजबुज झाली. सरांनी ती चालवून घेतली नाही. वाजवणाऱ्या आजींना त्यांनी पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची दिली आणि शाल-नारळही दिला. आमच्या गावाने त्या बाईंना असं बसवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गुड्डापूरच्या दानम्मादेवीची गाणी दरवर्षी असायचीच. कार्तिक अमावास्येच्या यात्रेला कर्नाटकातून माणसं पायी येतात, त्यांच्या दिंड्या जतच्या आसपासच्या रस्त्यांवरून जाताना आम्ही लहानपणापासून बघत आलो. लिंगायत घरातल्या मुली बसवेश्वरांची वचनं म्हणायच्या, पाठोपाठ दुसऱ्या वर्गाचं भारूड, मग धनगर वस्तीवरच्या पोरांचं गजी नृत्य. ढोल सुरू झाला की पहिल्या रांगेतली पोरं सतरंजीवरून उठून उभी राहायची आणि शिपाईमामा त्यांना बसवत फिरायचे.

1985, 1986 आणि 1987 अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकाच पंधरवड्यात आले. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे असा योग तीसेक वर्षांनी येतो. पुढे 2018, 2019 आणि 2020 मध्ये तो पुन्हा आला. आमच्या जिल्ह्याला अशा वेळी काही वेगळं करावं लागत नाही. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीतच बसवतात आणि कडेगावला ताबुतांच्या भेटी बघायला सगळा तालुका लोटतो. आमच्याकडे त्या वर्षांत आळीतली तीच पोरं संध्याकाळी आरतीला टाळ वाजवायची आणि रात्री पंजांपुढे करबल, म्हणजे मोहरमचा गाण्यावरचा नाच, खेळायची. घराघरात मोदक झाले तसे मोहरमचे गोड चोंगेही झाले. ती करबल पाय न विसरलेल्या पोरांनी महिन्याभरात गॅदरिंगला उभी केली. गाणं कन्नड, मधली हाक दखनीत आणि झिलकऱ्यांमध्ये आमच्या शेजारच्या जोशीकाकांचा धाकटा.

महिन्याभरात, असं म्हटलं, कारण आमचं गॅदरिंग तोवर आश्विनात आलं होतं. आधी ते इतर शाळांसारखं हिवाळ्यातच व्हायचं, यल्लमाच्या यात्रेनंतर. मग एका वर्षी सरांनी हजेरीपट बघून शिक्षकांच्या बैठकीत विचारलं की तांड्यावरची मुलं स्टेजवर का दिसत नाहीत. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं चढतात आणि तांडा रिकामा होतो. मागे राहिलीच तर म्हातारी माणसं. ज्या मुलांना गॅदरिंगची सगळ्यात जास्त गरज, ती नेमकी तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, कोपीत. सरांनी तारीखच बदलली. गॅदरिंग दसऱ्याच्या आधी. काही शिक्षकांना ते पटलं नाही, सहामाही परीक्षा तोंडावर असते म्हणून. माझ्या मते त्या शाळेने घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय तोच.

त्या पहिल्या आश्विनातलं गॅदरिंग. दोन ट्रॉल्या जोडून, वर फळ्या टाकून स्टेज केलेलं. मागे कनात, वर ताडपत्री, बाभळीला बांधलेला कर्णा. मुलींच्या गालाला लाली आणि कपाळाला खडूची पावडर. दरीकोणूरच्या लमाणतांड्यावरच्या मुली तिजेची गाणी म्हणायला उभ्या राहिल्या. श्रावणात टोपलीत गहू पेरून त्याचे कोंब वाढवतात आणि त्याभोवती नाचतात, तो त्यांचा सण. आयांच्या फेटिया-कांचळ्या या लहान मुलींना मोठ्या झालेल्या, कमरेला दोरी बांधून वर खोचलेल्या. बाह्यांवरच्या आरशांच्या टिकल्या गॅसबत्तीच्या उजेडात चमकत होत्या. पहिलं कडवं झालं आणि पाऊस आला. परतीचा, टपोरा, विजेसकट. आमच्या भागात वर्षाचा खरा पाऊस हाच असतो, शाळूची पेरणी त्याच्यावरच. म्हणून एक माणूस उठला नाही. बायकांनी पदर डोक्यावर घेतले, काहींनी सतरंज्या उचलून डोक्यावर धरल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या पावसाला आणि मुलींना मिळून. वीज गेली, कर्णा बंद पडला. मुली थांबल्या नाहीत. मग तांड्यावरच्या बाया प्रेक्षकांतून उठून स्टेजजवळ गेल्या आणि खालून त्याच गाण्याची ओळ उचलली. चिखलात उभ्या राहून, भिजत, त्यांनी ते गाणं पुरं केलं. माझी आई त्यांच्यात जाऊन उभी होती. तिला त्यातला एक शब्दही कळत नव्हता.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आनंदबाजार. मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे आणि विकायचे. बाजाराच्या गावातली पोरं, त्यामुळे हे सगळ्यांना उपजतच यायचं. चुरमुऱ्याचा सुसला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, जवसाची चटणी, मिरची भजी, मटकीची उसळ, गव्हाची हुग्गी. "एष्टु?" म्हणून विचारलं की "दोन रुपये" असं उत्तर, आणि "नक्को, एक में दे" असा पुढचा भाव. वडार वस्तीतला एक मुलगा खायचं काही न आणता वडिलांनी घडवलेले छोटे खलबत्ते घेऊन आला. सगळ्यात आधी त्याचाच माल संपला, शिक्षिकांनीच उचलला.

शेलापागोट्यांचा कार्यक्रमही असायचा, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते सगळ्या शाळांत सारखंच.

माझे आजोबा एका घरात जन्मले आणि त्याच घरात गेले, पण त्यांचा पत्ता तीनदा बदलला. आधी डफळ्यांचं जत संस्थान, मग 1948 साली संस्थान विलीन झालं आणि पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा, मग 1960 मध्ये त्याचंच नाव सांगली. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा माझ्या मोबाइलवर दिवसभर पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांचे फोन, तुम्ही नक्की कुणाचे म्हणून. पूर्व भागातल्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, तो पाण्यासाठी. म्हैसाळ योजनेचं पाणी शेजारच्या तालुक्यात दिसतं आणि आपल्या शिवारात येत नाही, या संतापातून. घरात कन्नड बोलतो म्हणून कुणी ठराव केला नव्हता. वाहिन्यांवर चर्चा करणाऱ्यांना हे सांगायला आमच्या गॅदरिंगची एक संध्याकाळ पुरली असती.

ते हेडसर आता नाहीत. मधल्या काळात गॅदरिंग पुन्हा डिसेंबरात गेलं, डीजे आला, सगळे नाच मोबाइलवरून बसवलेले. मुलं छान नाचतात, त्यात त्यांचा दोष काहीच नाही. पण गेल्या खेपेला गेले तेव्हा तीन तासांत एकही कन्नड ओळ ऐकू आली नाही. गोरमाटी तर दूरच. प्रेक्षकांत आज्या होत्या, खुर्च्यांवर, शांत. त्यांना काही विचारायला कुणी गेलं नव्हतं.

आमच्या वर्गाच्या ग्रुपवर यंदा यावर बरंच बोलणं झालं. मंडपाचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलायचा, त्या बदल्यात निम्मे कार्यक्रम घरातून आणि तारीख दसऱ्याच्या आधी, असं आम्ही शाळेला पत्र दिलं आहे. नव्या मुख्याध्यापिका मूळच्या उमदीकडच्या. पत्र वाचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हंतीची पदं येणारं कुणी अजून आहे का? बिळूरच्या आजोबांचा तो नातू आता द्राक्षबाग बघतो. त्याला फोन केला. म्हणाला, पदं आहेत माझ्याकडे, पोरांना फक्त अनवाणी यायला सांगा.