तळं उपसायची घाई नको

परसातल्या तळ्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "पाणी रोज कमी होतंय. सगळं उपसून तळाला कुठे भोक पडलंय ते बघू का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, उपसू नका. गळती कुठे आहे हे सर्वांत खात्रीने तळ्यातलं पाणीच सांगतं. ते काढून टाकलं की कोरड्या, घड्या पडलेल्या लायनरवर (तळ्यात पाणी धरून ठेवायला अंथरलेल्या रबर-प्लास्टिकच्या आवरणावर) टाचणीएवढं छिद्र शोधायची वेळ येते. शिवाय बऱ्याचदा छिद्र तळाला नसतंच, आणि पुष्कळदा छिद्रच नसतं.

आधी गळती आहे की नाही हे ठरवा. थंड, दमट हवेत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला 2-3 मिलिमीटर उतरते. कडक ऊन, कोरडी हवा आणि वारा असेल तर 5 ते 10 मिलिमीटर. धबधबा चालू असला की त्यात आणखी भर. 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद तळ्यात पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे 60 लिटर पाणी गेलं. आकडा ऐकून धडकी भरते, पण ऐन उन्हाळ्यात एवढं पाणी नुसतं उडूनही जातं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा बालदी वापरा. तळ्याच्या आतल्या पायरीवर बालदी ठेवा, हलू नये म्हणून आत दगड टाका आणि तळ्याचंच पाणी इतकं भरा की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. बालदीवर आतून आणि बाहेरून खूण करा. आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करा. महिनोन्‌महिने गळती झाकून ठेवायचं काम तोच करतो. पंप बंद ठेवा, मासे असतील तर हवेचा छोटा पंप तेवढा चालू राहू द्या. पंप बंद केल्यावर धबधब्यातलं पाणी उतरून तळ्यात येतं, म्हणून खूण अर्ध्या तासाने करा. 24 तासांनी दोन्हीकडची घट सारखीच निघाली तर ते बाष्पीभवन. बाहेरची घट ठळकपणे जास्त असेल तर गळती. कमळं, पाणकणीस अशी दाट झाडं असतील तर तीही पाणी ओढतात, तेव्हा एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने घाबरू नका. मध्येच पाऊस आला तर मोजमाप सोडून द्या आणि नव्याने सुरू करा.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण मोजणारं उपकरण) असेल तर आणखी एक खूण मिळते. पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून नुसती भर घालत राहिलं की तळ्याचा टीडीएस वाढत जातो. गळतीत क्षारही पाण्याबरोबर निघून जातात. बरेच आठवडे भर घालूनही आकडा नळाच्या पाण्याच्या आसपासच राहिला, तर संशय घ्यायला जागा आहे.

आता हीच चाचणी पंप चालू ठेवून आणखी 24 तास करा. पंप बंद असताना पातळी टिकते आणि चालू केला की उतरते, असं असेल तर तळ्याला हात लावायचं कारण नाही. दोष धबधब्यात, वरच्या ओहोळात किंवा पाइपात आहे. धबधब्यासाठी केलेला मातीचा भराव वर्षा-दोन वर्षांत बसतो, लायनरची कड एखाद्या जागी दोन बोटं खाली जाते आणि तिथून पाणी गुपचूप बाहेर पडतं. कधी शेवाळ किंवा वाढलेली मुळं ओहोळात बांध घालतात, पाणी फुगतं आणि बाजूने उतरतं. पंप चालू ठेवून कडेकडेने फिरा. दगड सरकवून मागची माती हाताने चाचपा. ओली, मऊ माती किंवा एकाच पट्ट्यात उगाच हिरवंगार झालेलं गवत दिसलं की जागा सापडली. दुरुस्तीला चिकटवायचं काही लागत नाही: लायनर उचला, खाली माती ठासून भरा, कड पुन्हा उंच करा. पाणी दगडांच्या पाठीमागून जात असेल तर फटींत धबधब्यासाठी मिळणारा काळा फोम भरा. तुषार बाहेर उडत असतील तर एखादा दगड फिरवून धार वळवली तरी पुरतं.

धबधबा निर्दोष वाटला तर पाइप तपासा. पुरलेला पाइप पंपापासून सोडवा आणि तात्पुरता होज जोडून पाणी थेट धबधब्याच्या माथ्यावर न्या. घट थांबली तर पुरलेला पाइप दोषी. पीव्हीसीच्या गळक्या सांध्यावर बाहेरून सोल्युशन फासून काही होत नाही. तेवढा तुकडा कापून, नवा कपलर घालून, कोरड्या पाइपावर सांधा नव्याने करावा लागतो. पंप तळ्याबाहेर बसवलेला असेल आणि येणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे दिसत असतील तर ओढीच्या बाजूचा सांधा हवा खेचतोय.

पंप बंद असतानाही पाणी जात असेल तर खऱ्या शोधाला सुरुवात होते, आणि तो शोध म्हणजे मुख्यतः थांबणं. भर घालू नका. रोज ठरलेल्या वेळी पातळीची खूण करा आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. थांबलं की गळती त्याच रेषेवर. इथे एक गफलत हमखास होते: वेग मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. छिद्र तळाजवळ असेल तर पाणी उतरेल तसा दाब कमी होतो आणि घट हळू होते, पण चालूच राहते. सलग दोन दिवस घट बालदीइतकीच राहिली तरच थांबलं म्हणा. मासे असतील तर खोली 30 सेंटिमीटरच्या आत येण्याआधी त्यांना तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात हलवा. टब सावलीत ठेवा, हवा चालू ठेवा आणि वर जाळी घाला. मासे उड्या मारतात.

पाणी काठापासून चार-पाच सेंटिमीटरवर थांबलं तर काठावरच लक्ष द्या. गवंडी लोक वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन सगळी कड एका पातळीत आहे का ते बघा. कड बाहेरच्या मातीच्या वर उभी हवी. लायनरवरून बाहेर लोंबणारं कापड, गवताची मुळं किंवा पाण्याला टेकलेली माती कंदिलाच्या वातीसारखं काम करते आणि रात्रंदिवस पाणी बाहेर ओढते. माती मागे सारून कड मोकळी केली की ही गळती तिथल्या तिथे बंद होते.

पाणी त्याहून खाली थांबलं तर त्या रेषेच्या वर-खाली चार बोटांचा पट्टा सगळीकडे फिरून, गाळ हळूच पुसून तपासा. आधी सांधे, घड्या, स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या पेटीची) चौकट, पाइप किंवा दिव्याची वायर बाहेर जाते ती जागा. संशयित जागेपाशी बिनसुईच्या सिरिंजने थोडं दूध किंवा खाण्याचा रंग अगदी सावकाश सोडा. पाणी पूर्ण स्थिर हवं, हवेचा पंपही तेवढ्यापुरता बंद. गळती असेल तर रंगाची रेघ तिकडे खेचली जाते. नसेल तर ढगासारखी तिथेच रेंगाळते. दूध काही मिलिलिटरच; जास्त ओतलं तर ते कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. या चाचणीसाठी पाणी छिद्राच्या किंचित वर असायला हवं, म्हणून पातळी थांबल्यावर चार-पाच सेंटिमीटर भर घालून मग रंग सोडा.

जागा सापडली की उरलेलं काम अर्ध्या दिवसाचं. पाणी छिद्राच्या बरंच खाली न्या. ईपीडीएम रबराच्या लायनरला ईपीडीएमचाच पॅच आणि त्याचाच प्रायमर हवा. जागा घासून, पुसून पूर्ण कोरडी करा. प्रायमर लावून तो बोटाला लागणार नाही पण चिकट वाटेल इतका वाळू द्या. पॅच छिद्राच्या चारी बाजूंनी 8 ते 10 सेंटिमीटर पुढे जाईल एवढा कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरा आधी सुटतो) आणि मधून कडेकडे रोलर दाबत न्या. पॅच सुटतो तो बहुधा ओलाव्याने, धुळीने किंवा खाली राहिलेल्या सुरकुतीने. सिलिकॉन ईपीडीएमवर टिकत नाही, काही महिन्यांत सोलून येतं. पीव्हीसीला पीव्हीसीचा पॅच आणि त्याचं चिकटद्रव्य. एचडीपीई या प्लास्टिकच्या लायनरला गोंद धरत नाही, ते गरम करूनच जोडावं लागतं आणि ते काम कारागिराकडे द्यावं. पॅच लावण्याआधी छिद्र कशाने पडलं ते बघा: खालचा टोकदार दगड, उंदीर, बांबूचं मूळ. कारण तसंच राहिलं तर शेजारी दुसरं छिद्र पडणारच.

पाणरेषेवरचं लायनर दुमडल्यावर तडकत असेल तर पॅच लावत बसण्यात अर्थ नाही, सरळ बदला. माप: लांबी अधिक खोलीच्या दुप्पट अधिक 60 सेंटिमीटर, रुंदीलाही तेच. 3 बाय 2 मीटर आणि 60 सेंटिमीटर खोल तळ्याला 4.8 बाय 3.8 मीटरचा तुकडा लागतो.

सिमेंटच्या तळ्यात भेगेवर नुसता गिलावा चढवू नका. छिन्नीने भेग साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडा, भुगा काढा, ओली करून झटपट घट्ट होणारं हायड्रॉलिक सिमेंट दाबून भरा. मग पॉलिमरयुक्त वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. उन्हाळ्या-हिवाळ्यात उघडझाप करणाऱ्या भेगेला मात्र कडक सिमेंट पुन्हा तडकतं. तिथे लवचिक पॉलियुरेथेन सीलंट, किंवा भेगा बऱ्याच असतील तर आतून सरळ ईपीडीएम अंथरा. पाइप भिंतीतून जातो तिथली गळती फार वेळा दिसते, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरतच नाही.

जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर कुठलंही तळं पूर्ण उपसू नका. बाहेरच्या दाबाने लायनर फुगून वर येतं आणि सिमेंटचं तळं तर उचललंही जाऊ शकतं. अशा जागी काम कोरड्या ऋतूत करा.

भरताना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी डीक्लोरिनेटर वापरा. नवं सिमेंट पाण्याचा पीएच चढवतं, म्हणून तळं भरून काही दिवस ठेवा, ते पाणी काढून टाका, पुन्हा भरा आणि पीएच 8.5 च्या खाली स्थिर होईपर्यंत मासे सोडू नका. सोडताना टबात तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर घालवा, म्हणजे तापमान आणि पीएच यांचा धक्का बसत नाही.