कन्व्हर्टर पक्का केला
टिपेश्वर अभयारण्याला निघण्याआधी आज पांढरकवड्याजवळ एका शेतात कॅम्पर व्हॅन उभी करून सीटखालचा कन्व्हर्टर तपासला. तो बाहेरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून व्हॅनमधले १२ व्होल्टचे दिवे, पाण्याचा पंप चालवतो, बॅटरीही चार्ज करतो. तरी कुणी त्याच्याकडे बघत नाही.

आधी बाहेरची लाइन काढली, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर. खड्ड्यांनी बुडाचे स्क्रू आणि एक टर्मिनल ढिलं झालं होतं. शेतमालक भाऊ म्हणाले, "आमच्या मोटरच्या स्टार्टरचंबी असंच होते जी, ढिलं राहिलं का जळते." अगदी खरं! ढिला जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो. रबरी वॉशर, लॉकनट लावून आवळलं. कन्व्हर्टरच्या पंख्याच्या जाळीत अडकलेला कापूस ब्रशनं काढला, इथल्या उन्हात त्याला हवा मिळायलाच हवी. लाइन जोडल्यावर बॅटरीवर १३.६ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नीट चालू. फार बरं वाटलं.